नखातली नीळ

अमरावतीत बडनेरा रस्त्याच्या अंगाला उत्तमरावांची खोल्यांची एक ओळ होती. उत्तमराव जन्मभर रेल्वेच्या लाइनीवर राबलेला माणूस, त्यामुळे खोल्याही त्यांनी डब्यांसारख्या बांधल्या होत्या. एकीला एक चिकटून, एक दार, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी, झालं घर. भाडेकरूला त्यांची अट एकच, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मग टोपी कुठं टांगायची, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "डोक्यावर ठेव बावा. त्याच्यासाठीच शिवली ते."

ओळीतली शेवटची खोली बरेच दिवस रिकामी पडली होती, त्यालाही कारण होतं. आधी तिथं एक भडभुंजा राहायचा. भट्टी बाहेर लावायची असं ठरलं होतं. पण एका पावसाळ्यात ती हळूच आत आली आणि मग काही बाहेर गेली नाही. फुटाणे भाजून भाजून त्यानं खोलीचं असं करून ठेवलं की बोट टेकवलं तर बोट काळं, पाठ टेकवली तर सदरा काळा. उत्तमराव भिंतींकडं पाहायचे, मान हलवायचे आणि स्वतःचीच समजूत घालायचे, "खिळा त नाही ठोकला न त्यानं."

ही खोली शेषरावानं घेतली. शेषराव वलगावचा, इमारत खात्याच्या हापिसात चपराशी. अंगानं काटक, बोलायला बेताचा. फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्याव्या, साहेबाच्या माठात पाणी भरावं, संध्याकाळी सायकलवर टांग मारून घरी यावं. त्याची आई पंचफुला हिनं लोकांच्या वावरात निंदण-वेचणी करून त्याला सातवी पास केलं होतं. छप्पन साली नागपूरला दीक्षेला दोघं मायलेक सोबत गेले. पांढरं लुगडं नव्हतं, तर पंचफुला शेजारणीचं मागून नेसून गेली. परत आल्यावर घरातले देव तिनं टोपल्यात घातले आणि पेढी नदीत सोडून आली. वाटेत एका बाईनं विचारलं, "काहून वो पंचफुला, जड नाही वाटलं?" तर म्हणाली, "टोपलं जड होतं. येताना हलकं झालं."

एकोणसाठच्या वैशाखात शेषरावाचं लग्न झालं. नवरी चांदूर रेल्वेची, बुधाजींची शालू. बुधाजी तिथं फाटकावर गेटमन. लग्न झालं, पाहुणे पांगले आणि शेषराव बायकोला घेऊन त्या काळ्या खोलीत आला. शालूनं उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं, चारी भिंतींवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं,

"इथं माणूस राहत होता, का इंजन?"

नवऱ्याशी ती बोललेलं हे पहिलं वाक्य. शेषराव पुढं आयुष्यभर ते आठवून हसायचा. 

त्या दिवसापासून शालूनं खोली हातात घेतली. खिळा चालत नाही म्हणता तिनं खिडकीच्या गजापासून दाराच्या चौकटीपर्यंत सुतळी ताणली आणि सगळं घर त्या सुतळीवर टांगलं. जुन्या लुगड्याचा पडदा शिवला, त्याला खाली दुसऱ्या लुगड्याचे काठ लावले. कासाराकडून फुटक्या बांगड्यांचे तुकडे मागून आणले, दिव्याच्या ज्योतीवर धरून वाकवले, एकात एक गुंतवले आणि दाराला तोरण केलं. सकाळचं ऊन त्यातून आलं की सारवलेल्या जमिनीवर लाल-हिरवे ठिपके नाचायचे. कोनाड्यात बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांचा फोटो आणि त्यांच्यापुढं धुतलेल्या तांब्यात रानफुलं, जी मिळतील ती. ओळीतल्या बायका काहीतरी निमित्त काढून डोकावून जायच्या. एकदा उत्तमराव स्वतः आले, खिळा शोधायला. वर पाहिलं, खाली पाहिलं.

"हे सारं कशावर लटकलं वो?"

"तुमच्या अटीवर, मामाजी," शालू म्हणाली.

उत्तमरावांना हसू आलं, पण घरमालकाला हसता येत नाही म्हणून ते खोकले.

बाकी सगळं झालं, भिंती तेवढ्या काळ्याच राहिल्या. शालूनं घासल्या, पुसल्या. भडभुंज्याची काजळी काही हटली नाही. तिच्या मनात रंग होता, आणि तो ठरलेला होता. मोराच्या मानेचा निळा. शेषराव म्हणाला, पांढरा चुना मारू, स्वस्त आणि मस्त. शालूनं ऐकलं नाही.

"माह्या बाच्या रेल्वेच्या कॉटरले पाह्यलं न तुमी? सरकारी पिवळा. दरसाल सायब ये, अन् तोच पिवळा मारून जाय. मी तान्ही होती तवा पिवळा, लगीन लागलं तवाबी पिवळा. कोणं मले कधी इचारलं नाही का पोरी, तुले कोणता आवडते. आता हे खोली भाड्याची असन, पण सायबाची त नाही."

शेषराव उठला. त्यानं जाऊन उत्तमरावांना गाठलं. उत्तमरावांनी बराच विचार केल्यासारखं केलं आणि परवानगी दिली: रंग द्या, पण खोली सोडाल तेव्हा पांढरी करून द्यायची. दिवाळीला रंग द्यायचा, असं नवरा-बायकोचं ठरलं.

दिवाळीच्या आधी पंचफुला वलगावाहून ज्वारी घेऊन आली. सुनेकडं एक नजर टाकली आणि काय ते समजली. आनंदानं तिनं सुनेवरून बोटं कडाकडा मोडली. मग कोपऱ्यात चुन्याचे खडे दिसले, तशी एकदम उभी राहिली.

"हे कायले आनलं?"

"भिंतीले रंग द्याचा हाये, माय."

"आता नाही द्याचा. बाई पोटुशी असन तवा घरच्या धन्यानं भिंतीले हात लावू नये. खरडू नये, लिपू नये, चुना मारू नये. पोटातल्या जिवासंगं घर जागं रायते बाबू. त्याले डिवचलं का ते जीव मांगते."

शेषराव हसला. "आपण नागपूरले जाऊन आलो न माय? देव तू तुह्या हातानं नदीत सोडले. आता हे काय काढलं?"

पंचफुला चुलीपाशी बसली, पदर सारखा केला आणि हळू म्हणाली, "देव सोडले म्या. भेव नाही सुटलं."

"घ्या मामी," म्हणत शालूनं सासूच्या हातात चहाचा कप दिला आणि विषय तिथंच थांबवला. चुन्याचे खडे खाटेखाली गेले. दिवाळी काळ्या भिंतीतच झाली.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे माघात शालू चांदूरला निघाली. शेषराव तिला बडनेरा टेशनावर घेऊन आला. डब्यात बसून तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, हातातली एक हिरवी बांगडी उतरवली आणि त्याच्या हातात ठेवली. कडेला तिचा टवका उडाला होता.

"ठेवून द्या. टवका पोट्ट्याले टोचन." मग जराशी हसली. "अन् ऐका. मी तुमाले रंग द्या म्हनत नाही. मामीचं मन मोडा असंबी म्हनत नाही. पण मी लेकरू घेऊन येईन अन् भिंत काळीच असन, त मी उलट्या पायी चांदूरले जाईन. येवढं सांगून ठेवते."

गाडी गेली. शेषराव बांगडी खिशात घालून सायकलवर परत आला. दोन्ही बाजूंनी तिनं त्याला मोकळं सोडलं होतं, आणि त्यामुळंच तो पुरता अडकला. असलं काही मानत नाही म्हणून लोकांत सांगायचं आणि घरात मात्र आईच्या भयानं भिंत काळी ठेवायची, हे काही त्याच्या मनाला पटेना. पंधरवडाभर खाटेवर पडून तो त्या भिंतीकडं डोळे लावून होता. मग एके दिवशी हापिसातून आला आणि खाटेखालचे चुन्याचे खडे बाहेर ओढले.

आता रंगाचीही गंमत ऐका. चुना विझवला, त्यात नीळ कालवली, डिंक घातला आणि कुची घेऊन भिंतीवर पहिला हात मारला. काय निळा दिसला म्हणता. शेषराव खूश होऊन झोपला. सकाळी पाहतो तर भिंत पांढरी फटक, नुसती निळ्याची आठवण राहिलेली. त्यानं आणखी नीळ घातली. ओला असताना मोर, वाळला की बगळा. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा शेजारच्या खोलीतला भगवंत दारात येऊन हसत उभा राहिला. भगवंत दिवाळी-दसऱ्याला लोकांची घरं पोतून द्यायचा.

"शेषराव, तुमी ओल्या चुन्यावर भरोसा ठेवून राहिले जी. ओला आहे तोवर तो पान्यावानी रायते, आरपार दिसते. वाळला का पांढरा पडते. जेवढा पायजे त्याच्या तिप्पट नीळ घाला, अन् मंग पाहू नका, झोपा."

शेषरावानं तिप्पटीच्याही वर घातली. भिंत वाळली आणि तशीच राहिली, मोराच्या मानेसारखी. भडभुंजा एकदाचा गेला.

पण नुसता निळा त्याला कोरडा वाटला. फागुन होता, पळस फुलले होते. रविवारी वलगावच्या रस्त्यावरून त्यानं पिशवीभर फुलं आणली आणि उकळली. पिवळं पाणी निघालं, त्यात चिमूटभर चुना टाकला तसं ते केशरी झालं. आता चित्र काढायचं कसं? सातवी पास झाला तरी शेषरावाला सरळ रेघ यायची नाही. मग त्याला बांगडी आठवली. ती भिंतीवर धरायची आणि तिच्याभोवती केशरी गोल ओढायचा. एक गोल मधे, पाच भोवती, फूल झालं. असं करत करत मोरीच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत त्यानं फुलांची ओळ नेली. बांगडीचा टवका जिथं यायचा तिथं प्रत्येक गोल जरासा मोडलेला. हापिसात साहेबानं विचारलं, "शेषराव, नखांना काय झालं रे?" नीळ नखाच्या मुळात जाऊन बसली होती; घासून निघेना, लिंबू लावून निघेना.

पुढच्या सुट्टीला तो चांदूरला गेला. फाटकाजवळच्या त्या पिवळ्या खोलीत शालू भिंतीला टेकून बसली होती, पाय सुजलेले. शेषराव काही बोलायच्या आधीच तिची नजर त्याच्या हातांवर गेली. तिनं हात ओढून घेतले, उजेडाकडं धरले आणि एकेक नख पाहिलं.

"लय निळी झाली वाटते," ती म्हणाली.

"मोरावानी."

"मामीले?"

"नाही सांगतलं."

शालूनं त्याचे हात आपल्या मांडीवर तसेच धरून ठेवले. बाहेरून मालगाडी जाईपर्यंत काही बोलली नाही, कारण त्या घरात गाडी जाताना कोणी बोलतच नसे. फुलांचं तो मुद्दामच बोलला नाही. एवढं एक तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, असं त्याच्या मनात होतं.

चैत्रात शालूला मुलगी झाली आणि रक्त थांबेना. सुईणीनं होतं नव्हतं ते केलं. बुधाजींनी अमरावतीच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं, बाजेवर टाकून टेशनावर आणलं. गाडी यायची होती. साऱ्या जन्मात ज्या बापानं गाड्यांसाठी फाटकं लावली, तो त्या दिवशी फलाटावर उभा राहून गाडीची वाट पाहत होता. गाडी आली तेव्हा शालू नव्हती.

निरोप मिळाला तसा शेषराव आईला घेऊन चांदूरला पोचला. माती झाली. परत येताना पाण्याच्या काठावर सगळे हात धुवायला बसले, तेव्हा पंचफुलाला लेकाची नखं दिसली. ती त्या हातांकडं पाहत राहिली. रडत होती ती थांबली.

"भिंतीले हात लावला तू," ती म्हणाली.

शेषरावानं मान खाली घातली.  ती नखं पुढं वाढून वाढून कापली गेली, नीळ निघून गेली, तरी त्याला आपले हात तसेच निळे दिसायचे. रक्त कशानं जातं हे त्याला कळत होतं. सुईण म्हणाली होती, डॉक्टरही म्हणाला असता. तरी संध्याकाळी दार उघडलं की समोर ती भिंत, आणि भिंतीला पाहिलं की आईचा आवाज.

पोरीचं नाव मैना ठेवलं. ती चांदूरलाच आजीपाशी, शालूची आई इंदूबाई हिच्यापाशी राहिली, शेळीच्या दुधावर. पंचफुला अमरावतीला कधी आलीच तर खोलीत पाऊल टाकायची नाही. बाहेर ओट्यावर बसायची, दाराकडं पाठ करून, तिथंच भाकर खायची आणि निघून जायची. आत काय रंग आहे हे तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. जाताना एवढंच म्हणायची, "पांढरी कर. मंग मी येते, पोट्टीले आनू, मी सांभाळते. त्या भिंतीखाली म्या तिले झोपवनार नाही."

म्हणजे पांढरी केली तर पोर घरी येणार. पण पांढरी करायची म्हणजे कबूल करायचं की त्या भिंतीनं शालूला खाल्लं, आणि भिंतीला हात आपलाच लागलेला. शेषराव दुसरी खोली शोधून आला; जिथं जावं तिथं लोक आधी गाव विचारत, मग आडनाव, आणि मग खोली नेमकी कालच दिलेली असे. असं करत वर्ष उलटलं. मैना रांगायला लागली, चालायला लागली, बुधाजींना बाबा म्हणायला लागली.

त्या 'बाबा' शब्दानंच शेषरावाचा धीर सुटला. एकदा तो चांदूरला गेला तेव्हा इंदूबाई अंगणात शेंगा फोडत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि जे कधी कोणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"मामी, खरं सांगा. माह्या हातानं झालं का?"

इंदूबाईनं शेंगा फोडणं थांबवलं नाही. "जवाईबापू, तुमी नखं दाखवून गेले न त्या दिवशी? त्याच्या मांगून जे बाई घरी ये, तिले शालू तेच सांगे. माह्या नवऱ्यानं खोली निळी केली, नखातून नीळ निघून नाही राहिली. म्या तिले म्हटलं, अवं, पोटुशी बाई असताना हे बरं नसते. त काय म्हने, 'माय, काही झालं त माहं होईन, पण रंग त माह्या मनचा झाला न.'" तिनं पदरानं नाक पुसलं. "तिले ठाव होतं सारं. तिनं तुमाले आडवलं नाही. आता तुमी अन् तुमची माय त्या भिंतीवरून भांडत बसा, अन् माह्या नातीनं दुसऱ्याले बाबा म्हनावं. पोरीले बाप लागते. भिंत नाही लागत."

शेषराव त्याच आठवड्यात चुना घेऊन आला. आता त्याला कोणाला विचारायची गरज नव्हती. मोरीच्या कोपऱ्यातून त्यानं सुरुवात केली, फुलांवरून कुची फिरवत खिडकीपर्यंत गेला, मग दुसरा हात मारला. ओला होता तोवर सगळं दिसत होतं, निळा, केशरी, मोडके गोल. तो जमिनीवर बसून राहिला. ऊन चढलं तशी भिंत वाळत गेली आणि एकेक फूल आत गेलं. खिडकीजवळचं सगळ्यात शेवटी.

पंचफुला आली. चहूकडं नजर टाकली, उंबरठा ओलांडला. मैनाही आली. म्हातारीनं पोरीला तळहातावर वाढवलं, यात खोटं नाही. लाडही केले, धपाटेही दिले, आपल्या ताटातलं उष्टं तिला भरवलं. भिंतीचं नाव घरात कोणी काढलं नाही, आणि शालूचंही नाही.

चौसष्टच्या उन्हाळ्यात एका शनिवारी हापीस लवकर सुटलं. शेषराव सायकल टेकवून दारात आला आणि तिथंच थांबला. मैना मोरीत उघडी उभी, अंगावरून पाणी निथळत होतं. पंचफुला हातात लोटा घेऊन भिंतीवर पाणी उडवत होती. आंघोळ करता करता पोरीनं दंगा केला असेल, पाणी भिंतीवर उडालं असेल. जिथं जिथं भिंत ओली झाली होती तिथं चुना पाण्यासारखा आरपार झाला होता, आणि आतून निळा वर आला होता, निळ्यावर केशरी गोल.

"बाबा, फुलं निघाले," मैना म्हणाली. "आजीनं पानी मारलं का निघते."

पंचफुला वळली नाही. भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली, "निळी केली हे त नखावरून दिसलं होतं मले. फुलंबी काढले होते, हे काहून नाही सांगतलं?"

"तू इचारलं नाही, माय."

"कशानं काढले? येवढे गोल?"

शेषरावानं कोनाड्यातल्या तसबिरीमागून बांगडी काढली आणि आईच्या हातात दिली. म्हातारीनं ती एका गोलावर धरली, जराशी फिरवली. टवका टवक्याला लागला. तिचा हात तिथंच भिंतीवर राहिला.

"तिनं पाह्यलं होतं का?"

"नाही. नखंच पाह्यले तिनं."

उन्हाळ्याचे दिवस, भिंत वाळायला वेळ लागत नव्हता. वरच्या बाजूनं पांढरं खाली उतरू लागलं.

"आजी, चालले न वो फुलं," मैना रडवेली झाली.

पंचफुलानं बांगडी पदराच्या गाठीत बांधली. रिकामा लोटा मागं न पाहताच लेकाकडं केला.

"पानी आन," ती म्हणाली.